३८९ डिरेक्टरी सर्व्हर: पासवर्ड बदलण्याच्या एकाच कामापुरतं परीक्षण

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे संस्थेतल्या माणसांची खाती आणि पासवर्ड एका जागी ठेवणारा सर्व्हर. त्याची परीक्षणं बहुतेक वेळा सेकंदाला किती शोध, किती लाख नोंदी, किती मेमरी याच अंगाने लिहिली जातात. मला त्यात फारसा रस नाही. माझ्या रोजच्या कामात ३८९ डिरेक्टरी सर्व्हरची खरी परीक्षा एकाच प्रश्नावर होते. माणसाने पासवर्ड बदलला की तो सगळ्या प्रतींवर बदलतो का, आणि नसेल बदलला तर का, हे मला किती लवकर कळतं? १.४ च्या मालिकेपासून मी हा सर्व्हर सांभाळते आहे, आता २ च्या मालिकेवर आहे. दोन सप्लायर, म्हणजे ज्यांच्यावर बदल लिहिता येतात असे सर्व्हर, त्यांच्याखाली फक्त वाचण्यापुरते कन्झ्युमर, पुढे विनंत्या या सर्व्हरांत वाटून देणारा लोड बॅलन्सर. या सगळ्याच्या जिवावर मेल, व्हीपीएन, वायफाय, लिनक्स मशीन चालतात. शिवाय एक हजेरीचं जुनाट सॉफ्टवेअर आहे, ज्याला आता कोणी वाली उरलेला नाही.

मत आधीच सांगून टाकते. रेप्लिकेशन, म्हणजे एका सर्व्हरवरचा बदल बाकीच्या प्रतींवर पोचवणं, हे या सर्व्हरचं सगळ्यात खणखणीत अंग आहे. गोंधळ होतो तो रेप्लिकेशन ज्यांना हातच लावत नाही अशा गोष्टींमुळे, आणि बोल मात्र रेप्लिकेशनला लागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या गोष्टी कोणत्या हे ज्याला माहीत आहे त्याला हा सर्व्हर सोन्यासारखा. ज्याला माहीत नाही त्याने तो नुसता बसवून सोडून दिला, तर पासवर्डच्या तक्रारींनी हेल्पडेस्क हैराण होणार हे नक्की.

वंशावळ थोडक्यात सांगते, कारण पुढच्या विचित्र नावांचा उगम तिथे आहे. मिशिगन विद्यापीठातला मूळ स्लॅपडी, त्यातून नेटस्केपचा डिरेक्टरी सर्व्हर, मग २००४ मध्ये रेड हॅटने तो विकत घेतला, २००५ मध्ये फेडोरा डिरेक्टरी सर्व्हर म्हणून खुला केला, आणि २००९ पासून तो ३८९ या नावाने ओळखला जातो. ३८९ म्हणजे एलडॅपचा, डिरेक्टरीशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा, पोर्ट क्रमांक. अजूनही अर्ध्याअधिक सेटिंगांची नावं ‘एनएस’ने, म्हणजे नेटस्केपच्या आद्याक्षरांनी सुरू होतात. इतका जुना माल असल्याने त्याची डिफॉल्टही जुन्या काळाची आहेत. त्या काळी एक मुख्य सर्व्हर असे, बाकीचे वाचनालयासारखे, आणि पासवर्ड बदलायचा तर माणूस मुख्य सर्व्हरकडे जाई. आता सगळे लोड बॅलन्सरकडे जातात आणि पलीकडे कोण भेटेल याचा नेम नसतो.

हेल्पडेस्कवरचा आमचा मुलगा हुशार आहे, पण त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: “मॅडम, रेप्लिकेशन तुटलंय. मेल चालतंय, व्हीपीएन नवा पासवर्ड घेत नाही.” मी त्याला एकच गोष्ट करायला शिकवली आहे. डिरेक्टरी मॅनेजर (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून दोन्ही सर्व्हरवर जा, त्या माणसाच्या नोंदीतलं ‘युजरपासवर्ड’ काढ, आणि दोन ओळी एकाखाली एक ठेवून बघ. सप्लायर पासवर्डचा हॅश, म्हणजे उलटा न वाचता येणारं रूप, एकदाच तयार करतो आणि तो हॅश जसाच्या तसा पुढे जातो. हॅशमध्ये सॉल्ट, म्हणजे दर वेळी वेगळी मिसळलेली भर, असल्यामुळे तोच पासवर्ड दोन सर्व्हरवर वेगवेगळा टाकला तर दोन वेगळे हॅश दिसतील. रेप्लिकेशनने आलेला असेल तर अक्षर न् अक्षर सारखं असेल. सारखं आहे? मग रेप्लिकेशनने आपलं काम केलं आहे, त्याचा पिच्छा सोड आणि दुसरीकडे शोध. एवढ्या एका तपासणीने आमच्याकडच्या ‘रेप्लिकेशन तुटलं’वाल्या बहुतेक तक्रारींचा रोख बदलतो.

हॅश वेगळा निघाला तर खरी शोधाशोध सुरू होते, आणि इथे या सर्व्हरने माझं मन जिंकलं आहे. प्रत्येक बदलाला एक सीएसएन मिळतो, बदलाचा क्रमांक म्हणा. सोळाच्या पायातले वीस अंक. पहिले आठ म्हणजे वेळ, पुढचे चार त्या सेकंदातला क्रम, त्यापुढचे चार ज्या सर्व्हरवर बदल झाला त्याचा रेप्लिका आयडी, आणि शेवटचे चार उपक्रम. सप्लायरच्या ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत, पासवर्ड बदलण्याची ‘मॉड’ (बदलाची) ओळ सापडली की तिच्या ‘रिझल्ट’च्या ओळीत हा सीएसएन लिहिलेला असतो. तो उचलायचा आणि बाकीच्या प्रत्येक सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये शोधायचा. बदल तिथे पोचला असेल तर तोच क्रमांक, पोचल्याची वेळ आणि निकालाचा कोड, सगळं एका ओळीत. कुठला बदल, कोणाकडून निघाला, कुठे अडला, याचा माग इतक्या सरळपणे देणारी दुसरी डिरेक्टरी मी वापरलेली नाही.

एक खोच मात्र आहे. ॲक्सेस लॉग मुळात बफरमध्ये साठवून मग डिस्कवर लिहिला जातो. समोर लॉग उघडून बसलात आणि माणसाला “आता बदला” म्हणालात, तर काही वेळ काहीच दिसणार नाही आणि तुम्ही उगाच नेटवर्कवाल्यांना फोन लावाल. तपासापुरतं बफरिंग बंद करावं, काम झालं की पुन्हा चालू करावं, कारण गर्दीच्या सर्व्हरवर ते बंद ठेवणं महागात पडतं.

त्याहून खोल जायचं असेल तर ‘एनएससीपीएन्ट्रीडब्ल्यूएसआय’ नावाचं एक छुपं ॲट्रिब्यूट, म्हणजे नोंदीतला रकाना, आहे. नाव टाइप करतानाच दम लागतो. डिरेक्टरी मॅनेजर म्हणून ते मागितलं की नोंदीतल्या प्रत्येक ॲट्रिब्यूटच्या मूल्याला चिकटलेला सीएसएन दिसतो. म्हणजे आत्ता जो पासवर्ड बसला आहे तो कोणत्या सप्लायरवर, नेमका केव्हा टाकला गेला हे कळतं. दोन सप्लायरवर एकाच सुमाराला बदल झाले असतील, माणसाने पोर्टलवरून आणि हेल्पडेस्कने मागच्या दाराने, तर कोण जिंकला याचा निवाडा इथे मिळतो. जिंकतो तो मोठ्या सीएसएनचा बदल.

आणि सीएसएनचा पहिला भाग वेळ आहे, म्हणून घड्याळं. एका सप्लायरचं घड्याळ पुढे असेल आणि दुसऱ्याचा बदल त्याने अजून पाहिलेला नसेल, तर प्रत्यक्षात आधी झालेला त्याचा बदल नंतरच्या बदलावर मात करू शकतो. सर्व्हर यावर थोडीफार सावधगिरी बाळगतो. दुसऱ्याकडून पुढच्या वेळेचा सीएसएन आला की तो आपला सीएसएन बनवणारा घटक त्याच्यापुढे सरकवतो. पण फरक २४ तासांच्या वर गेला की तो रेप्लिकेशनच नाकारतो. व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवरून उठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ‘डीएससीटीएल’ या आदेशाच्या ‘गेट-एनएसस्टेट’ने हा फरक दिसतो. घड्याळं जुळवणारी क्रोनी नीट लावलेली असेल तर हे प्रकरण तुमच्या वाट्याला येणारही नाही, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

आता निराशेकडे येते. रेप्लिकेशन कराराची, म्हणजे कोणी कोणाला बदल पाठवायचे या नोंदीची, स्थिती विचारली की सगळं सुरळीत असताना सर्व्हर काय म्हणतो? ‘एरर (०)’, आणि पुढे लिहितो की प्रत मिळाली, बदल यशस्वीपणे पोचले. यशाची बातमी एरर शब्दाने सुरू होते! नवीन माणूस हे पाहून हमखास दचकतो. आता जेसन स्वरूपात हिरवी-लाल स्थिती मिळते, ‘डीएसकॉन्फ’ या आदेशाचा रेप्लिकेशन मॉनिटर आणि कॉकपिट या सर्व्हर सांभाळण्याच्या साधनातला वेब पडदा दोन्ही बरे आहेत, पण ती जुनी ओळ अजून ठिकठिकाणी भेटते.

दुसरी बारीक गोष्ट. एखादा कन्झ्युमर बंद पडून परत आला, तर सप्लायर त्याच्याकडे लगेच धावत नाही. नकार मिळाला की तो थांबतो, आणि थांबण्याचा अवधी ३ सेकंदांपासून वाढत वाढत ३०० सेकंदांपर्यंत जातो. म्हणजे सर्व्हर परत उभा राहिला, सगळे दिवे हिरवे आहेत, आणि तरीही पाच मिनिटांपर्यंत तो जुनाच पासवर्ड खरा मानत राहू शकतो. या पाच मिनिटांत आलेल्या तक्रारींवर चहा पिणे हा एकमेव उपाय आहे. लोड बॅलन्सरला सांगता येत असेल तर नुकत्याच उठलेल्या सर्व्हरला जरा उशिरा रांगेत घ्यावं. मी तसंच केलं आहे.

मोठा खड्डा मात्र कन्झ्युमरचा. कन्झ्युमरवर लिहिता येत नाही. तिथे पासवर्ड बदलायला गेलात तर तो बदलत नाही, ‘रेफरल’ देतो. कोड १०, सोबत सप्लायरचा पत्ता. म्हणजे “इथे नाही, तिकडे जा.” कागदावर हे सभ्य आहे. प्रत्यक्षात निम्मी सॉफ्टवेअरं तो पत्ता वाचतच नाहीत आणि वापरणाऱ्याला “पासवर्ड बदलता आला नाही, पुन्हा प्रयत्न करा” एवढंच दाखवतात. पुन्हा प्रयत्न केला, लोड बॅलन्सरने या वेळी सप्लायरकडे पाठवलं, झालं काम. “कधी होतं, कधी होत नाही” हे पासवर्डच्या तक्रारीतलं सगळ्यात वैतागवाणं वाक्य बहुतेक वेळा इथून जन्माला येतं.

याला ‘पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदला’ ही सक्ती जोडा. हेल्पडेस्कने सप्लायरवर रीसेट केला, सक्तीची खूण रेप्लिकेट झाली, माणूस कन्झ्युमरला जाऊन भिडला. कन्झ्युमर म्हणतो आधी पासवर्ड बदल, बदलायला गेलं की म्हणतो इथे बदलता येत नाही. इकडे आड तिकडे विहीर. माणूस आत जाऊच शकत नाही, आणि लॉगमध्ये एकाही ठिकाणी खरीखुरी चूक दिसत नाही, कारण प्रत्येक सर्व्हरने नियमाप्रमाणेच वागून दाखवलेलं असतं.

यावर तीन मार्ग आहेत. पासवर्ड बदलणारं पोर्टल आणि पासवर्ड बदलू देणारं प्रत्येक सॉफ्टवेअर थेट सप्लायरकडेच वळवायचं. हा सगळ्यात सोपा. दुसरा म्हणजे कन्झ्युमरवर चेनिंग बसवायचं, म्हणजे तो लिहिण्याची विनंती परस्पर सप्लायरकडे पोचवतो आणि सॉफ्टवेअरला काही कळतच नाही. हे चालतं, पण बसवणं किचकट आहे, आणि बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला की पुढच्याला ते उलगडत नाही. तिसरा मार्ग, कन्झ्युमर ठेवायचेच नाहीत, सगळेच सप्लायर करायचे. रेड हॅट आपल्या डिरेक्टरी सर्व्हरसाठी २० सप्लायरपर्यंतची मांडणी मान्य करतो, त्यामुळे मध्यम आकाराच्या संस्थेला अडचण नाही. नवी उभारणी करणाऱ्याला मी तिसराच सांगेन. कन्झ्युमर ही जुन्या, मंद डिस्कच्या काळातली काटकसर आहे. माझे कन्झ्युमर अजून आहेत ते केवळ एका फायरवॉलच्या पलीकडे लिहिण्याची मुभा द्यायची नाही म्हणून.

पासवर्डचे नियम हा पुढचा खड्डा, आणि माझ्या मते या सर्व्हरचं सगळ्यात न पटणारं डिफॉल्ट. किमान लांबी, अक्षरांचे प्रकार, मुदत, इतिहास हे सर्वसाधारण नियम ‘सीएन=कॉन्फिग’मध्ये, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या सेटिंगांच्या झाडात, राहतात, आणि ते झाड रेप्लिकेट होत नाही. कधीच नाही. प्रत्येक सर्व्हरवर हाताने लावावं लागतं. एका सप्लायरवर किमान १२ अक्षरं, दुसऱ्यावर अजून ८, तर एकच पासवर्ड एकाने नाकारायचा आणि दुसऱ्याने मुकाट घ्यायचा. आणि गंमत अशी की ढिल्या सर्व्हरने घेतलेला पासवर्ड रेप्लिकेशनने कडक सर्व्हरकडे गेला की तोही तो निमूट स्वीकारतो. रेप्लिकेशनने आलेल्या बदलाला नियम पुन्हा लावले जात नाहीत. ते बरोबरच आहे, नाहीतर प्रतींमध्ये कायमचा फरक पडला असता. पण त्याचा अर्थ तुमचा खरा नियम म्हणजे तुमच्या सगळ्यात ढिल्या सप्लायरचा नियम.

यातून सुटका आहे. उपझाडावर (डिरेक्टरीच्या एखाद्या फांदीवर) किंवा एकेका माणसावर लावलेले स्थानिक नियम डेटामध्येच साठवले जातात, म्हणून ते रेप्लिकेट होतात. मी सगळे नियम तिथेच नेले. पण तिथेही एक पाचर आहे. हे स्थानिक नियम मानायचे की नाही याचा स्विच, ‘एनएसस्लॅपडी-पीडब्ल्यूपॉलिसी-लोकल’, पुन्हा ‘सीएन=कॉन्फिग’मध्ये. नवा सर्व्हर जोडला आणि हा स्विच राहिला, तर नियमांची नोंद तिथे छान दिसते आणि सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

लॉकआऊटची, म्हणजे फार वेळा पासवर्ड चुकला की खातं बंद होण्याची, कथा तशीच, फक्त जास्त चिडवणारी. मुळात लॉकआऊट बंदच असतो. चालू केला की डिफॉल्टने ३ चुका, मग ३६०० सेकंद दार बंद, आणि चुकांची मोजणी ६०० सेकंदांनी कोरी. चुकांचा आकडा आणि ‘कधी उघडायचं’ ही वेळ माणसाच्या नोंदीतच लिहिली जाते, पण ‘पासवर्डइजग्लोबलपॉलिसी’ हे सेटिंग डिफॉल्टने बंद असल्याने ती इतर सर्व्हरना जात नाही. आता चित्र डोळ्यासमोर आणा. माणसाने सकाळी पासवर्ड बदलला. खिशातल्या फोनमध्ये मेलचा जुना पासवर्ड तसाच आहे, आणि फोन न थकता दर थोड्या वेळाने दार ठोठावतो आहे. लोड बॅलन्सर ते ठोके वाटून देतो. एका सर्व्हरवर दार बंद होतं, दुसऱ्यावर उघडं, तासाभराने पहिलं उघडतं तोवर तिसरं बंद. माणूस शपथेवर सांगतो की पासवर्ड बरोबर आहे, आणि तो खरंच बरोबर असतो! हॅशही सगळीकडे सारखा. अशा वेळी रेप्लिकेशनचा मॉनिटर बघत बसणं म्हणजे वेळेची नासाडी.

सुदैवाने लॉग इथे साथ देतो, वाचता आला तर. बाइंडच्या, म्हणजे लॉगिनच्या, उत्तराला टॅग ९७ असतो आणि मॉडच्या उत्तराला १०३. कोड ४९ आणि टॅग ९७, म्हणजे पासवर्ड चुकला. कोड १९ आणि टॅग ९७, म्हणजे चुकांची मर्यादा ओलांडली, दार बंद आहे. पण कोड १९ आणि टॅग १०३, म्हणजे नवा पासवर्ड नियमात बसला नाही. एकच १९, दोन अगदी वेगळे रोग. आणि बाइंडलाच ५३ आला, सोबत खातं निष्क्रिय केल्याचा संदेश, तर ते प्रशासकाने हाताने गोठवलेलं खातं. त्याची खूण ‘एनएसअकाउंटलॉक’ मात्र रेप्लिकेट होते, म्हणून ते सगळीकडे सारखंच गोठतं. हा टॅगचा भेद मी हेल्पडेस्कच्या भिंतीवर छापून लावला आहे. सर्व्हरच्या दस्तऐवजात तो आहे, पण ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच सापडेल अशा जागी.

‘पासवर्डइजग्लोबलपॉलिसी’ सगळ्या सर्व्हरवर चालू केली की सप्लायर एकमेकांना चुकांचे आकडे कळवू लागतात. त्याची किंमत आहे. प्रत्येक चुकलेला लॉगिन आता रेप्लिकेट होणारा बदल बनतो, आणि एखादी भरकटलेली स्क्रिप्ट चुकीचा पासवर्ड घेऊन ठोठावत बसली तर चेंजलॉग, म्हणजे पुढे पाठवायच्या बदलांची यादी, फुगतो. शिवाय साध्या मांडणीत कन्झ्युमरकडून वर काहीच जात नाही. प्रवाह एकाच दिशेचा, त्यामुळे कन्झ्युमरवरच्या चुका सप्लायरला कळत नाहीत.

याच जागी मी स्पर्धकांकडे हेव्याने बघते. ओपनएलडॅप या दुसऱ्या डिरेक्टरी सर्व्हरच्या पीपॉलिसी या पासवर्ड-नियमांच्या भागामध्ये ‘फॉरवर्ड अपडेट्स’चा पर्याय आहे, ज्याने कन्झ्युमरवर झालेली चूक प्रोव्हायडरकडे (तिथला सप्लायर) पाठवता येते. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी तर आणखी पुढे आहे. तिथे कोणत्याही डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे तिथल्या सर्व्हरवर, पासवर्ड बदलला की तो पीडीसी एम्युलेटर या खास भूमिकेच्या कंट्रोलरला लगेच कळवला जातो, आणि दुसऱ्या कंट्रोलरला पासवर्ड चुकीचा वाटला तर नाकारण्याआधी तो पीडीसीला विचारून घेतो. दोन साइटमधलं नेहमीचं रेप्लिकेशन डिफॉल्टने १८० मिनिटांनी होत असूनही नवा पासवर्ड सहसा लगेच चालतो, तो या दुसऱ्या मतामुळे. ३८९ मध्ये बदल पसरण्याचा वेग मुळातच चांगला, निरोगी जोडणीत डोळ्याची पापणी लवायच्या आत, म्हणून अशा दुसऱ्या मताची गरज कमी भासते. पण जोडणी आजारी असेल तेव्हा कोणीच कोणाला विचारत नाही. प्रत्येक जण आपापल्या प्रतीवर ठाम. बरोबरीची सोय या सर्व्हरमध्ये आयती मिळत नाही, याचे गुण मी कापते.

काही बारीकसारीक अडथळे घाईत सांगते. पासवर्ड बदलण्याची जी खास एलडॅप क्रिया आहे, आरएफसी ३०६२ या मानकातली, ती ३८९ साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या जोडणीवर करू देत नाही, कोड १३ देतो. चांगलं करतो. कोणी आधीच हॅश करून आणलेला पासवर्ड नोंदीत टाकू पाहिला तर सामान्य वापरणाऱ्याला तोही नाकारला जातो, पुन्हा कोड १९. त्यासाठी डिरेक्टरी मॅनेजर किंवा पासवर्ड प्रशासकांचा गट लागतो. आमच्या त्या हजेरीच्या सॉफ्टवेअरला हॅश स्वतःच करायची खोड आहे, म्हणून त्याला वेगळं खातं दिलं आहे आणि त्याच्यावर डोळा ठेवला आहे. आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांचे सर्व्हर एकत्र नांदत असतील तर हॅशची पद्धत सगळ्यात जुन्या सर्व्हरला कळणारी ठेवा. नव्या सर्व्हरने नव्या पद्धतीचा हॅश पाठवला तर जुना तो इमानाने साठवतो आणि पडताळताना मात्र ४९ देतो.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट लपवून चालणार नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये पासवर्ड बदलताना त्याचं उघडं, हॅश न केलेलं रूप रेप्लिकेशनच्या चेंजलॉगमध्ये डिफॉल्टने उतरायचं. विंडोजशी पासवर्ड जुळवण्यासाठी ते लागतं म्हणून. २०१८ मध्ये हे सीव्हीई-२०१८-१०८७१ या सुरक्षा-त्रुटीच्या क्रमांकाने नोंदलं गेलं आणि मग डिफॉल्ट बदललं. जुन्या सर्व्हरवरून वर चढत आलेल्यांनी ‘एनएसस्लॅपडी-अनहॅश्ड-पीडब्ल्यू-स्विच’ कोणत्या स्थितीत आहे हे स्वतः बघावं, आणि चेंजलॉगच्या बॅकअपकडे पासवर्डची फाइल असल्यासारखंच बघावं.

आणि पुन्हा इनिशियलाइझ करण्याबद्दल. महाजालावर अर्ध्या उत्तरांत हाच रामबाण सांगितलेला असतो. प्रत बिघडली? सप्लायरवरून ताजी करा. पण ताजी करणं म्हणजे समोरच्याचं सगळं पुसून आपलं ओतणं. समोरचा सप्लायर असेल आणि त्याने घेतलेले पण बाहेर न पोचलेले पासवर्ड त्याच्याकडे असतील, तर ते कायमचे गेले. आधी ‘डीएस-रेप्लचेक’ चालवावं. दोन सर्व्हर समोरासमोर ठेवून कोणत्या नोंदी, कोणती ॲट्रिब्यूट वेगळी आहेत ते तो दाखवतो, आणि या अख्ख्या सामग्रीतलं हे माझं सगळ्यात आवडतं अवजार आहे. एरर लॉगची रेप्लिकेशन पातळी, ८१९२, ही शेवटची पायरी. ती चालू केली की लॉगचा पूर येतो आणि त्या पुरात बहुतेकदा तेच सापडतं जे सीएसएनने आधीच सांगितलेलं असतं.

गुण द्यायचेच तर रेप्लिकेशन आणि मागाला पाचपैकी साडेचार. पासवर्डच्या डिफॉल्टना दोन. दस्तऐवजांना साडेतीन. माहिती पूर्ण आहे, पण पासवर्ड, रेप्लिकेशन आणि लॉग या तीन प्रकरणांत विभागलेली, आणि ही तक्रार नेमकी तिन्हींच्या सांध्यावर उभी असते. ‘डीएस-रेप्लचेक’ डेटा जुळवतो, पण ‘सीएन=कॉन्फिग’मधले पासवर्डचे नियम सर्व्हरगणिक जुळवून दाखवणारा एक आयता आदेश हवा होता. मी प्रत्येक सर्व्हरवरून ‘डीएसकॉन्फ’ने नियम काढून त्यांची तुलना करणारी छोटी स्क्रिप्ट रोज रात्री चालवते. नवा सर्व्हर जोडला की पहिल्याच रात्री ती काहीतरी पकडते.

ज्यांना हे सगळं हाताने लावायची हौस नाही, त्यांनी याच सर्व्हरवर उभं असलेलं, खाती सांभाळण्याचं तयार सॉफ्टवेअर फ्रीआयपीए बघावं. तिथे साध्या मांडणीत सगळेच सप्लायर असतात, त्यामुळे कन्झ्युमरचं रेफरल प्रकरणच नाही, आणि नियम डेटामध्ये राहतात, म्हणून सगळीकडे सारखे. लॉकआऊटच्या चुकांचे आकडे मात्र तिथेही मुद्दाम रेप्लिकेशनमधून वगळलेले आहेत. फरक एवढाच की ‘आयपीए युजर-स्टेटस’ विचारलं की प्रत्येक सर्व्हरवरचा चुकांचा आकडा वेगळा मांडून दाखवतो. नुसत्या ३८९ वर हेच बघायला मला अजून प्रत्येक सर्व्हरवर जाऊन तीच नोंद पुन्हा पुन्हा विचारावी लागते.